सेन्सर पेव्हरवर पहिल्यांदा बसणाऱ्या मुलासाठी

गोव्यातल्या साखळीच्या एका मुलाचा प्रश्न आहे: "काका, चार वर्षे मी टँडम रोलर चालवला. आता ठेकेदार सेन्सर पेव्हरवर (रस्त्यावर डांबरी माल पसरवणारे मशीन) बस म्हणतोय. पुढच्या आठवड्यात गावातल्या साडेतीन मीटरच्या रस्त्यावर बीसीचा (बिटुमिनस काँक्रीट, म्हणजे वरचा डांबरी थर) 40 मिमीचा थर आहे आणि पावसाआधी काम संपवायचे आहे. मशीन सकाळी कसे तयार करू, आणि चालवताना कोणाला इजा होऊ नये म्हणून काय बघू?"

तू तयारी वेगळी आणि सुरक्षितता वेगळी विचारलीस. वीस-बावीस वर्षे या मशीनवर काढल्यावर मला ती एकच गोष्ट वाटते. पेव्हर एका चालीने पुढे सरकत असतो तोवर अपघात क्वचितच होतो. तो थांबतो तेव्हा होतो. थांबला की स्क्रीड (मागची, माल सपाट करणारी जड पाटी) गरम मालात थोडी बसते, तिच्याखालचा आणि पुढचा माल निवतो, आणि पुन्हा निघताना तिथे आडवा धक्का राहतो, जो रोलरने जात नाही. हे तू रोलरवरून पाहिले असशील. त्याच पाच-दहा मिनिटांत माणसेही जागा सोडतात. कोणी हॉपरच्या (टिपर माल ओततो त्या पुढच्या पेटीच्या) पंखावरचा थंड माल ढकलायला चढतो, कोणी ऑगरमधला (स्क्रीडपुढे माल आडवा पसरवणाऱ्या, पाती असलेल्या फिरत्या दांड्यातला) दगड काढायला वाकतो, कोणी टिपर आणि पेव्हर यांच्या मधून पलीकडे जातो. म्हणून सकाळची सगळी तयारी मी एकाच हेतूने करतो: पहिला टिपर लागल्यावर मशीन विनाकारण थांबू नये.

सत्तरी तालुक्यातल्या एका कामावर टिपर उशिरा आला आणि आम्ही पाऊण तास उभे होतो. ऑगरच्या टोकाला, एंड प्लेटच्या (स्क्रीडच्या टोकाच्या पाटीच्या) आत, थंड मालाचा गोळा अडकला होता. हेल्पर तो फावड्याने फोडत होता. फुटेना म्हणून त्याने पाय लावला. ऑगर ऑटोवर होते. तेवढ्यात टिपर लागला, माझे लक्ष पुढे होते, आणि मी ट्रॅव्हल लिव्हर ढकलला. ऑटोवर असलेले ऑगर लिव्हरबरोबर फिरू लागते, मागे काय चालले आहे ते त्याला कळत नाही. स्क्रीडमनने (मागे स्क्रीड सांभाळणाऱ्याने) इमर्जन्सी बटण दाबले म्हणून पाय वाचला. लोखंडी टोकाचा बूट होता तरी दोन बोटांची हाडे मोडली. चूक माझी होती. तेव्हापासून मशीन थांबले की माझा हात आधी कन्व्हेयर (हॉपरमधला माल मागे नेणारा पट्टा) आणि ऑगरच्या स्विचवर जातो, दोन्ही बंद. निघताना दोन वेळा हॉर्न, डावीकडे नजर, उजवीकडे नजर, स्क्रीडमनचा वर केलेला हात, आणि मगच लिव्हर. अडकलेले काही काढायचे असेल तर इंजिन बंद आणि चावी ऑपरेटरच्या खिशात. यात घाईसाठी सूट नाही.

आता सकाळ. पहिला टिपर येण्याच्या निदान दीड तास आधी मशीनपाशी पोच. डिझेल, इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइल हे रोलरवरही तू बघतच होतास, ते सांगत बसत नाही. पेव्हरवर वेगळे बघायचे ते असे. मशीनखाली ऑइलचा ताजा थेंब आहे का. कन्व्हेयरची साखळी फार सैल नाही ना आणि पट्ट्या वाकलेल्या नाहीत ना. ऑगरची पाती कडेला झिजून छोटी झाली आहेत का, कारण झिजलेले ऑगर टोकापर्यंत माल नेत नाही आणि कडेला खरखरीत पट्टा पडतो. पुढचे पुश रोलर (टिपरच्या चाकांना टेकून त्याला ढकलणारे) हाताने फिरवून बघ. त्यातला एक डांबराने जाम झाला असेल तर टिपर तिरका ढकलला जातो आणि पेव्हर सतत एका बाजूला ओढतो.

त्यानंतर इमर्जन्सी बटणे. स्क्रीडच्या दोन्ही बाजूंना आणि तुझ्या पॅनेलवर जेवढी आहेत तेवढी एकेक दाबून मशीन खरेच बंद पडते का ते बघायचे, रोज. रिव्हर्सचा भोंगा, हॉर्न, ऑगरवरची जाळी आणि झाकणे जागेवर आहेत का, अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का. स्क्रीड उचलून खालची प्लेट साफ करायची असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या लॉक पिन लाव. फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या स्क्रीडखाली हातही घालू नकोस. होज कधी फुटेल ते सांगून फुटत नाही.

स्क्रीड तापवणे बरेच जण उरकून टाकतात. थंड प्लेटला माल चिकटतो आणि मागे पट्टा फाटल्यासारखा, ओरखडे पडलेला निघतो. पहिले पंधरा मीटर खराब होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. प्लेट जवळपास मालाइतकी गरम हवी. तुझ्या मशीनला विजेवरची हीटिंग असेल तर सोपे आहे. गॅसची असेल तर लक्ष दे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडर, रेग्युलेटर आणि प्रत्येक होजच्या जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघ, काडी पेटवून कधीच नाही. बर्नर विझला तर गॅस बंद करून पाच मिनिटे वारा लागू दे, मग पेटव. एका दमात अर्धा तास ज्योत सोडू नये, प्लेट वाकते आणि वाकलेली प्लेट नंतर कोणत्याही स्क्रूने सरळ होत नाही. थोडा वेळ तापव, थोडा थांब, असे करत अर्ध्या तासात आण. आणि तापलेल्या स्क्रीडवर, ऑगरवर किंवा टिपरच्या हौद्यात डिझेल मारू देऊ नकोस. आपल्याकडे ही सवय फार आहे. डिझेल डांबराला विरघळवते, जिथे ते साचले तिथून पुढे खडी सुटते, आणि पेटत्या बर्नरजवळ त्याचा फवारा म्हणजे आग. माल चिकटू नये म्हणून मारायचा रिलीज एजंट मागून घे. तो नसेल तर हौद्यापुरते साबणाचे पाणीही चालते, तळाला साचू मात्र देऊ नये.

आता जिथे कौशल्य लागते ते: स्क्रीड फळ्यांवर बसवणे. रोलरवरून आलेल्या माणसाला इथे सवय बदलावी लागते. स्क्रीड ही जमिनीला घासत जाणारी पट्टी नाही. ती दोन लांब आर्मनी ओढली जाते आणि गरम मालावर तरंगते. पुढून थोडी उचललेली असते त्या कोनामुळे ती वर राहते. माल, वेग, कोन यांतले काहीही बदलले की ती आपोआप वर किंवा खाली जाते.

तुला 40 मिमी पक्का थर हवा. सुटा माल रोलरखाली साधारण पाचवा भाग बसतो, म्हणून सुरुवातीला 48 ते 50 मिमी धर. तेवढ्या जाडीच्या दोन सरळ फळ्या घे, गाठ नसलेल्या, निदान स्क्रीडच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत पुरतील इतक्या लांब. रस्त्याच्या चालीच्या दिशेने स्क्रीडखाली एक डावीकडे, एक उजवीकडे ठेव. एक्स्टेंशन (रुंदी वाढवणारे बाजूचे भाग) बाहेर काढली असतील तर त्यांच्याखालीही हव्यात. पेव्हर थोडा पुढे घेऊन आर्ममधला ढिलेपणा काढ, मग स्क्रीड अलगद सोडून फ्लोटवर, म्हणजे मोकळी, टाक. आता जाडीचे हँडल फिरवत जा. एका जागी ते हलके होते, दोन्ही दिशांना थोडे सैल फिरते. तोच शून्य कोन. खाली वाकून प्लेट आणि फळी यांच्यामध्ये पातळ पत्र्याचा तुकडा पुढून आणि मागून घालून बघ, दोन्हीकडे सारखाच अडकला पाहिजे. मग थोडे, अगदी थोडे फिरवून पुढची कड वर घे. किती, ते मशीनच्या पुस्तकात असते आणि पहिल्या पट्ट्यावर कळते. हेच दुसऱ्या बाजूला. मग दोरी ताणून मुख्य प्लेट आणि एक्स्टेंशन एका पातळीत आहेत का बघ, नाहीतर पूर्ण रस्त्यावर एक लांब रेघ उमटेल. कॅम्बर (मधून कडेकडे दिलेला उतार) इंजिनिअरने सांगितला असेल तेवढा. ऑगरची उंची अशी ठेव की पात्याची खालची कड तयार थराच्या साधारण 5 सेंमी वर राहील.

जुन्या बीसीच्या टोकापासून सुरुवात करायची असेल तर हिशेब वेगळा. तिथे स्क्रीड पक्क्या थरावर बसते, म्हणून फळ्या फक्त रोलरने बसणाऱ्या जाडीच्या, 8 ते 10 मिमी. या जागी 48 मिमीच्या फळ्या घातलेल्या मी पाहिल्या आहेत. मग त्या सांध्यावरून जाणारी प्रत्येक स्कूटर उडते.

चालू झाल्यावर जाडीच्या हँडलला हात लावायचा मोह टाळ. एका फिरवण्याचा पूर्ण परिणाम दिसायला आर्मच्या लांबीच्या पाचपट अंतर लागते, म्हणजे बारा-पंधरा मीटर. तुझा स्क्रीडमन दर दोन मीटरला सळई खुपसून बघतो, कमी वाटले की फिरवतो, तेवढ्यात आधीचे फिरवणे लागू होते, जास्त झाले की उलटे फिरवतो. असा रस्ता समुद्राच्या लाटांसारखा होतो. एकदा बदल कर, पंधरा मीटर जाऊ दे, मग माप.

वेग आधीच काढून ठेव, कारण न थांबण्याचे गणित तिथेच आहे. रुंदी साडेतीन मीटर, जाडी 40 मिमी, पक्क्या बीसीची घनता साधारण 2.4 टन दर घनमीटर. म्हणजे एका मीटर लांबीला 0.336 टन माल. 16 टनांचा टिपर जवळपास 48 मीटर पुरतो. तुमच्या प्लांटमधून तासाला 90 टन माल निघत असेल तर मिनिटाला दीड टन, म्हणजे मिनिटाला साडेचार मीटर. टिपर बदलायला जाणारा वेळ धरून तू साडेतीनने चाल. साडेचारने पळवून दर टिपरमागे दहा मिनिटे उभे राहण्यापेक्षा साडेतीनने सतत सरकणे कधीही चांगले. प्लांट साइटपासून किती दूर, वाटेत घाट किंवा बाजार आहे का, किती टिपर लागतील, हे ठेकेदाराबरोबर आदल्या संध्याकाळी बसून ठरव. कदंब (सरकारी) बसच्या वेळा आणि शाळा सुटण्याची वेळही त्यातच लिहून घे. मे महिना असला तरी दहावी-बारावीच्या मुलांचे क्लास असतात. पंचायतीला आणि रस्त्याकडेच्या घरांना एक दिवस आधी सांगितले की ऐनवेळी कोणी गाडी बाहेर काढायला पेव्हरसमोर येत नाही.

ऑगरच्या पेटीत माल किती, हे चालताना सतत बघायचे. ऑगरच्या दांड्यापर्यंत, म्हणजे पाते अर्धे बुडालेले, दोन्ही टोकांना सारखे. जास्त झाला की स्क्रीड वर चढते, कमी झाला की खाली बसते. हॉपर पूर्ण रिकामा होऊ देऊ नकोस, कन्व्हेयर दिसायच्या आत पुढचा टिपर लागला पाहिजे. आणि पंख दर टिपरनंतर मिटायची सवय लावू नकोस. कडेला जमलेला माल थंड आणि जाड खडीचा असतो, तो एकदम आत पडला की मागे दाणे सुटलेला भुरकट पट्टा निघतो. शिवाय पंख मिटताना तिथे कोणाचा हात असू शकतो.

टिपर घेताना चालक टिपर मागे आणून पेव्हरपासून दीडएक हात आधी थांबेल, न्यूट्रल करेल, आणि पेव्हर पुढे जाऊन त्याला हळूच लागेल. टिपरने येऊन पेव्हरला धडक द्यायची नाही, त्या एका धक्क्याची खूण रस्त्यावर राहते. टिपरला मागे घेणारा माणूस एकच असावा, चालकाला आरशात दिसेल असा, बाजूला उभा. तो दिसेनासा झाला की टिपर थांबला पाहिजे. दोघेतिघे ओरडू लागले तर चालक कोणाचे ऐकेल?

गावच्या रस्त्यांवर मला सर्वांत जास्त धास्ती वायरींची असते. आंब्याच्या फांद्यांमध्ये लपलेली, झोळ पडून खाली आलेली, घरासाठी रस्ता ओलांडून नेलेली. उचललेला हौदा बराच वर जातो. आदल्या दिवशी पूर्ण लांबी चालत जा, प्रत्येक आडव्या वायरखाली रस्त्याच्या कडेला चुन्याची खूण कर, आणि त्या खुणेपाशी हौदा खाली. फार खाली आलेली असेल तर वीज खात्याच्या लाईनमनला आधीच बोलाव. हौद्याला वायर लागलीच तर चालकाने आतच बसून राहायचे आणि बाकी कोणी टिपरला, पेव्हरला हात लावायचा नाही, वीज बंद झाल्याचे कळेपर्यंत. आग लागली तरच बाहेर, आणि तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून, टिपरला न धरता, मग छोट्या छोट्या पावलांनी पाय घासत दूर.

दुसरी धास्ती चिऱ्याच्या कंपाउंडची. रस्ता अरुंद, भिंत लागूनच, आणि कोणीतरी स्क्रीडच्या टोकाशी फावडे घेऊन उभा असतो. अशा वेळी एक्स्टेंशन बाहेर काढले तर तो भिंत आणि एंड प्लेट यांच्यामध्ये सापडतो. भिंतीच्या बाजूला मशीनच्या टोकाशी कोणी उभे राहायचे नाही, एक्स्टेंशन हलवायच्या आधी स्क्रीडमनने मोठ्याने सांगायचे. खाजनाच्या (खाडीलगतच्या सखल शेतजमिनीच्या) बाजूचे, बांधावरचे रस्ते असतील तर कडाही बघ. भरलेला टिपर आणि पेव्हर दोन्ही एकाच जागी येतात, मऊ कड सुटते.

खालचा पृष्ठभाग तुझ्या हातात नसतो, पण माल टाकायच्या आधी बघणे तुझ्या हातात आहे. आपल्याकडे तांबडी धूळ. चिरेखाणीचे ट्रक जात असतील तर सकाळी झाडलेला रस्ता दहा वाजता पुन्हा तांबडा. त्या धुळीवर टॅक कोट (नवा थर खाली चिकटावा म्हणून मारायचा डांबराचा पातळ फवारा) मारला तर तो धुळीला धरतो, रस्त्याला नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात नवा थर पापडासारखा सुटतो. बोट फिरवून बघ, तांबडे लागले तर पुन्हा कॉम्प्रेसर मारायला सांग. जुन्या डांबरी पृष्ठभागावर टॅक कोट दर चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो. इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) मारताना तपकिरी असते, त्यातले पाणी सुटले की काळे होते. काळे होईपर्यंत टिपर त्यावर घ्यायचा नाही. मे महिन्याच्या दमट सकाळी याला जास्त वेळ लागतो, तेवढा धरूनच वेळापत्रक कर.

तापमान प्रत्येक टिपरचे माप, आणि सुईवाला थर्मामीटर मालात खुपसून. बंदुकीसारखा इन्फ्रारेड फक्त वरची साय दाखवतो. रस्ते मंत्रालयाच्या 2013 च्या स्पेसिफिकेशनप्रमाणे व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल टाकताना निदान 140 अंश हवा आणि रोलिंग 90 अंशांच्या वर असतानाच झाले पाहिजे. व्हीजी-40 असेल तर 150 आणि 100. पातळ थर लवकर निवतो, त्यात दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आणखी लवकर, म्हणून रोलर पेव्हरच्या मागे जवळ ठेव. फार जवळही नाही: स्क्रीडवर माणसे उभी असतात, पेव्हर थांबला तर रोलरलाही थांबायला जागा हवी. तू स्वतः रोलरवर होतास, नव्या रोलरवाल्याला हे तूच समजावून सांगू शकतोस.

तुझ्या "पावसाआधी" या शब्दाकडे येतो. मेच्या शेवटी दुपारी ढग भरून येतात आणि ठेकेदार म्हणतो, एवढे दोन टिपर टाकून घेऊ. तोच मंत्रालयाचा नियम सांगतो की पृष्ठभागावर पाणी साचले असेल, पाऊस येईल असे दिसत असेल, किंवा दोन मीटर उंचीवर वारा ताशी 40 किमीच्या वर असेल, तर माल टाकायचा नाही. प्लांटला फोन करून पुढचा टिपर भरण्याआधी थांबवायचा, हे कोण करणार ते सकाळीच ठरव. भर पावसात टाकलेल्या मालाची वाफ होते, मजुरांच्या तोंडावर येते, कोणाला काही दिसत नाही, आणि त्यातच रोलर मागेपुढे होत असतो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, पँट बुटाच्या बाहेर. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. रिफ्लेक्टर जॅकेट, हेल्मेट, चामडी हातमोजे, आणि चप्पल घातलेला मजूर मशीनजवळ नको, मग तो कितीही जुना असो. डांबराच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला लागतात, म्हणून वाऱ्याची दिशा बघून माणसे उभी कर. दर तासाला सावलीत पाणी, मीठ-साखरेचे पाणी असेल तर उत्तम. मजुराने बोलणे बंद केले, चालताना अडखळू लागला, तर ते ऊन आहे, आळस नाही. लगेच सावलीत ने, अंग ओले कर.

गरम डांबर अंगावर पडले तर ते ओढून काढायचे नाही. कातडी त्याच्याबरोबर येते. रॉकेल, डिझेल, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही. बर्फही नको. स्वच्छ साध्या पाण्याची धार निदान वीस मिनिटे, मग स्वच्छ ओले कापड, आणि 108 ला फोन. डांबर बोटाभोवती किंवा मनगटाभोवती कड्यासारखे बसले असेल तर दवाखान्यात पोचताच ते आधी सांग, कारण खालचा भाग सुजला की रक्त अडते. यासाठी पेव्हरजवळ दोनशे लिटर स्वच्छ पाण्याचे पिंप वेगळे ठेव. रोलरच्या टँकरमधले पाणी त्यात धरू नकोस, टँकर नेमका भरायला गेलेला असतो.

संध्याकाळी माल संपल्यावर मशीन गरम असतानाच कन्व्हेयर, ऑगर आणि स्क्रीड साफ कर. अर्धा तास उशीर केलास तर सकाळी दोन तास छिन्नी-हातोड्याने काढावे लागते. साफ करताना ऑगर फिरवायचे असेल तर स्विचवर एकच माणूस आणि बाकी सगळे मागे. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद, मग होजमधला गॅस जळून जाऊ दे. मशीन रस्त्याबाहेर सपाट जागी, स्क्रीड फळ्यांवर टेकवलेली, दोन्ही पंख मिटून लॉक, चावी तुझ्याकडे, पुढे-मागे कोन आणि रिफ्लेक्टर.

एक गोष्ट मात्र आजच ठेकेदाराला विचार: स्क्रीडवर कोण आहे? तू पेव्हरवर नवा आहेस, त्यात स्क्रीडमनही नवा असला तर पहिला दिवस अवघड जाईल. पेव्हरवर बसलेल्या माणसाला मागचे दिसत नाही, त्याचे डोळे स्क्रीडमन असतो. निदान पहिले तीन दिवस जुना स्क्रीडमन दे, असे स्पष्ट सांग. आणि तो आला की काम सुरू होण्याआधी त्याच्याबरोबर हाताच्या खुणा ठरवून घे: थांब, चल, हळू, ऑगर बंद. इंजिनच्या आवाजात ओरडलेले ऐकू येत नाही.